टिप कधी बदलायची

मिस्त्रींची नोकरी निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही टिकली होती ती त्यांच्या कानामुळे. एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढणारा. पण लेथवर लोखंड कातलं जात असताना नुसते पाठ करून उभे राहिले, तरी टिपेची धार कधी जाणार हे ते सांगायचे. टिप म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवलेला कठीण धातूचा चौकोनी तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याला चार कोन. एक बोथट झाला की दुसरा फिरवून घ्यायचा, चारही झाले की टिप भंगारात. कोन लवकर बदलला तर टिपेचा पैसा वाया, उशिरा बदलला तर कातलेला नग वाया. ही मधली नेमकी वेळ मिस्त्री कानाने पकडायचे. थोरले मालक हयात असताना कोणी पाहुणा आला की मिस्त्रींना मुद्दाम लेथकडे पाठ करून उभं करायचे आणि ही गंमत दाखवायचे. मिस्त्रींनाही ती आवडायची, उगाच खोटं कशाला बोला.

तर हाच कान गेली दोन वर्षं त्यांना दगा देत होता.

आधी बारीक आवाज गेले. दाराची घंटा गेली, फोनची रिंग गेली. जाड आवाज शाबूत होते. मोटारीची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, कारखान्याच्या शेडमधल्या ड्रिलवाल्याचं खो खो हसणं, हे सगळं नको तेवढं ऐकू यायचं. पण टिपेची धार जायला लागली की जो चिरका, सुईसारखा आवाज निघतो, तो नेमका बारीक. तो एके दिवशी आलाच नाही. मिस्त्रींना वाटलं, आज टिप चांगली निघाली. नंतर टिप हातात घेऊन पाहिली तेव्हा कळलं, धार केव्हाच गेली होती.

त्यांनी हे कोणाला म्हणजे कोणालाही सांगितलं नाही. घरी तर कोणाला शंकाही आली नाही. बायको म्हणायची, "पस्तीस वर्षं या माणसाने माझं एक ऐकलं नाही, आता काय नवीन?" त्यावर लेक हसायची, मिस्त्रीही हसायचे, आणि विषय तिथेच मिटायचा. शेडमध्ये ड्रिलवाला, ज्याला सगळे बडबड्या म्हणत, तो दिवसभर काहीबाही सांगत राहायचा आणि मिस्त्री मान डोलवत राहायचे. बडबड्याचं म्हणणं असं, की मिस्त्रींसारखा शांतपणे ऐकून घेणारा माणूस साऱ्या औद्योगिक वसाहतीत नाही.

हे खपून जात होतं, कारण काम ठरलेलं होतं. लेथवर कातताना टिपेवर कूलंटची धार सोडलेली असायची. कूलंट म्हणजे तेल मिसळलेलं दुधाळ पाणी, हत्यार आणि लोखंड दोन्ही थंड ठेवणारं. त्या धारेखाली एक कोन चाळीस नग काढतो हे अनुभवाने माहीत झालेलं. चाळीस झाले, फिरवा कोन. त्याला कान कशाला हवा? मोजता आलं की पुरे. मिस्त्री मोजत होते, आणि लोकांना वाटत होतं ऐकतायत.

घोडं अडलं ते लेकीच्या हातांपाशी.

लेक त्याच शेडमध्ये मिलिंग मशीनवर होती. बापाने शिकवलं आणि सहा वर्षांत बापाच्या पुढे गेली. नकाशा एकदा पाहिला की मनात नग तयार, अशी. पण दिवसभर हात त्या दुधाळ पाण्यात. गेल्या वर्षी बोटांच्या बेचक्यात पुरळ उठलं, मग तळहाताला भेगा पडल्या, मग भेगांतून रक्त यायला लागलं. फिरत्या मशीनवर कापडी हातमोजे घालता येत नाहीत, मोजा अडकला तर हातच आत जातो. रबरी घातले तर आत घाम साचून आणखी चिघळायचं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा मलम बदललं आणि चौथ्यांदा कागद बाजूला सारून म्हणाल्या, "हे बघ, मलमाने होणारं नाही. एक तर ते पाणी सोड, नाहीतर ते काम सोड."

लेकीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मिस्त्री तिच्या तोंडाकडे पाहत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द त्यांना कळला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

इकडे मालकांच्याही नाकी नऊ आले होते, पण वेगळ्या कारणाने. मालक म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव, पस्तिशीचे, सरळ माणूस. वापरलेलं कूलंट फेकायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न. थोरल्या मालकांच्या काळी त्याचं उत्तर सोपं होतं: शेडच्या मागे. मिस्त्रींनी स्वतः वीस वर्षं संध्याकाळी बादल्या मागच्या चरात ओतल्या होत्या, शीळ घालत. त्या चराच्या कडेला आजही गवताची काडी उगवत नव्हती. धाकट्या मालकांनी सूत्रं हाती घेतली तेव्हा ते बंद केलं आणि कूलंट पिंपांत भरून नेणारी गाडी लावली. आता त्या गाडीवाल्यांनी दर जवळजवळ दुप्पट केला होता.

"काका," मालक एके सकाळी लेथजवळ येऊन म्हणाले. मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे मालक त्यांना काकाच म्हणत. "कूलंट विकत घ्यायचं, पंपाने फिरवायचं, वास मारायला लागलं की पैसे देऊन न्यायला लावायचं. पलीकडचा शेडवाला काय करतो माहितीय? पाऊस आला की पिंपाचं झाकण उघडतो. मला तसं करायचं नाही. पण त्याचा नग माझ्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून मला भाव विचारतं."

मग त्यांनी खोक्यातून एक बारीक नळी काढली. तिच्या टोकाला तोटी, तोटीतून हवेबरोबर तेलाचा फवारा. धार नाही, नुसतं धुकं. तासाला चार-पाच चमचे तेल, तेही बियांचं. सगळं कापतानाच उडून जाणार. पिंप नाही, पंप नाही, गाडी नाही, आणि हात ओले होण्याचा प्रश्नच नाही.

लेक आपल्या मशीनवरून मान वर करून पाहत होती. तिचे डोळे त्या नळीवरून हलेनात.

"अडचण एकच," मालक म्हणाले. "धारेसारखं थंड राहत नाही, त्यामुळे टिपा जास्त लागणार. मी हिशेब केलाय. एका कोनाने तीस नग काढले, तर फवारा कूलंटइतकाच पडतो. तिसाच्या वर गेले की फायदा. खाली गेले, तर दर नगाला तोटा, आणि मी तो सोसू शकत नाही. एक महिना तुमच्या लेथवर चाचणी. जमलं, तर लेकीच्या मशीनलाही फवारा लावू. नाही जमलं तर..." त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"किती नगांनी कोन बदलायचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते कसं सांगणार? लोखंड एकसारखं येत नाही. एक गठ्ठा मऊ, एक टणक. धारेखाली ते चालून जायचं, इथे नाही चालणार. मोजून भागणार नाही, काका. ऐकावं लागेल." मालक हसले. "म्हणून तर तुमच्या लेथवर करतोय. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी हे केलंच नसतं."

खरं सांगायची वेळ हीच होती. मिस्त्रींनी तोंड उघडलंही. पण त्यांना वाटलं, ऐकू येत नाही म्हटलं तर चाचणी सुरूच होणार नाही. मग पोरीचं काय? आणि खोटं कशाला, त्यांना हेही वाटलं, की कान गेला तर आपल्याला ठेवतील कशाला? त्यांनी मान डोलवली.

पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी जंग जंग पछाडलं. बुराद्याचा रंग पाहिला. धार जायला लागली की लोखंडाच्या सुरळ्या निळ्या पडतात. पण हे लोखंड मुळातच निळं जळायचं. टिप दर पाच नगांनी थांबून भिंगाखाली पाहिली, तर दिवसाचे नगच भरेनात. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की ते मशीनला कान लावून उभे राहायचे, अगदी गाल तापेपर्यंत. घरघर ऐकू यायची. तिच्या वर जे काही होतं, ते यायचं नाही.

शेवटी त्यांनी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. शंका आली की बदल कोन. वीस नग झाले, बदल. बावीस झाले, पुरे, बदल. नग एकही बिघडला नाही, सगळे अचूक मापात उतरत होते. पण फळ्यावर रोज संध्याकाळी कोनामागे किती नग निघाले तो सरासरी आकडा लिहायचा असे, आणि तो एकवीस-बावीसच्या पुढे सरकेना.

"पहिला आठवडा आहे," मालक म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "बघू." तिसऱ्या आठवड्यात फळ्यासमोर उभे राहून खिशातलं पेन उघडत-मिटवत राहिले. बडबड्याने मात्र आपलं मत दिलं, की हवेने कधी लोखंड कापलंय का, हे म्हणजे नुसत्या वाफेवर स्वयंपाक करण्यातला प्रकार. मिस्त्रींनी मान डोलवली.

घरी लेक विचारायची, "बाबा, आज किती?" आणि आकडा ऐकून हाताला मलम लावत बसायची. एकदा म्हणाली, "तुमच्या हाताखाली टिप इतकी लवकर जातेय म्हणजे फवाऱ्यातच दोष असणार. तुमचा कान कसा चुकेल?" तिने हे इतक्या विश्वासाने म्हटलं की मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या लेकीच्या पोटावर आपणच पाय देतोय, आणि ती आपल्यालाच शाबासकी देतेय.

चौथ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, आता भ्यायचं नाही. ताणायचं. बुधवारी सकाळी नवीन कोन लावला आणि बावीसला हात थांबवला नाही. पंचवीस झाले. सव्वीस. सत्तावीस छान उतरला, अठ्ठावीसही. मिस्त्रींच्या मनात आलं, इतके दिवस उगाच घाबरलो. एकोणतिसावा नग लावला, हत्यार पुढे सरकलं, आणि पुढच्याच क्षणी लेक शेडच्या दुसऱ्या टोकाकडून धावत येताना दिसली. तिचं तोंड उघडं होतं, ती ओरडत होती. तिने त्यांच्या बाजूने झेप घेऊन लाल बटण दाबलं.

टिप फुटली होती. नगावर बोटभर लांब ओरखडा. हत्याराचा दांडाही कोपऱ्यातून गेलेला.

"बाबा! केवढा किंचाळत होता! बडबड्याकाकांनासुद्धा ऐकू आलं!"

"हो हो, ऐकलं मी," मिस्त्री म्हणाले. "बघत होतो, कुठवर जातंय ते."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढी धडधडीत थाप त्यांनी जन्मात मारली नव्हती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर बसतही नव्हती.

मालक आले, नग हातात घेतला, फिरवून पाहिला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "लवकर बदललं तर परवडत नाही, थांबलं तर फुटतं," ते म्हणाले. "संपलं, काका. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. सोमवारी कूलंटची नवी पिंपं मागवतो." जाताना लेकीजवळ थांबले, काहीतरी हळू आवाजात बोलले. मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही, पण लेकीने मान खाली घातली ते दिसलं.

दुपारी लेकीने आपला खण आवरायला घेतला. पहिल्या पगारातून घेतलेला मायक्रोमीटर तिने मऊ कापडात गुंडाळला. मावशीच्या ओळखीने एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर जागा होती, ती धरणार होती. सोपं काम, कोरडं काम. मिस्त्री लेथ पुसत होते, म्हणजे पुसलेला लेथ पुन्हा पुसत होते.

मग लेक भंगाराच्या डब्याकडे गेली. फेकलेल्या टिपांचा डबा. आपल्याला आठवण म्हणून एखादी न्यावी, एवढंच तिच्या मनात असावं. एक टिप उचलली, उजेडात धरली. दुसरी उचलली. मग भिंग घेतलं आणि बराच वेळ वाकून बसली. उठली तेव्हा मूठ भरलेली होती. ती सरळ मालकांच्या केबिनमध्ये शिरली, आणि मिस्त्री तिच्या मागोमाग गेले, कारण तिची चाल त्यांना ओळखीची होती. बायको भांडायला निघाली की अशीच चालायची.

लेकीने टिपा टेबलावर ओतल्या.

"मालक, फवारा नापास नाही. हे बघा. एकही कोन झिजलेला नाही. सगळ्या अर्ध्या वापरून फेकल्यात. यातला एकेक कोन आणखी दहा-बारा नग सहज काढेल."

मालकांनी भिंग घेतलं. एक पाहिली, दोन पाहिल्या. मग त्यांनी मान वर केली आणि मिस्त्रींकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता आणि त्याच्यामागे संशयही होता. अठ्ठावीस वर्षांत या घराण्यातल्या कोणी मिस्त्रींकडे तसं पाहिलं नव्हतं.

"बाबा," लेक म्हणाली. ती समोर उभी होती, ओठ दिसत होते. "तुम्हाला फवारा नकोच होता ना? जन्मभर धारेखाली काम केलं, तेच बरं वाटतं. तसं आधी सांगायचं. मला नादी कशाला लावलं?"

ती असं समजत होती. मिस्त्रींना हे स्वप्नातही सुचलं नव्हतं, की कोणी असं समजू शकेल. आणि गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, यातून सुटायला वाटही होती. होय, म्हातारा आहे, हट्टी आहे, जुन्याला धरून बसतो, एवढं म्हटलं की झालं. हट्टी म्हाताऱ्याला कोणी कामावरून काढत नाही. कानाचं कानाशीच राहिलं असतं.

त्यांनी लेकीचे हात पाहिले. डाव्या अंगठ्याची भेग पुन्हा उलली होती आणि टिपेवर रक्ताचा ठिपका होता.

"मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले.

"काय?" मालक म्हणाले.

"ऐकू येत नाही मला. बारीक आवाज. दोन वर्षं झाली. टिपेचा तर अजिबातच नाही." एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. "चाळीस मोजून बदलत होतो, म्हणून चालून गेलं. फवाऱ्याला कान लागतो म्हणालात, मी मान डोलवली. भीतीने आधीच बदलत गेलो. आज ताणलं, तर फुटली. फवारा चांगला आहे, मालक. मीच खोटा पडलो. पिंपं मागवू नका. माझा हिशेब करा आणि दुसरा माणूस बसवा, पण फवारा काढू नका. पोरीचे हात बघा."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. न विचारता. मालकांसमोर ते कधी बसले नव्हते.

मग लेक त्यांच्या खुर्चीशी खाली बसली आणि तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "दोन वर्षं. आणि आम्ही घरात हसत होतो."

"तुझी आई पस्तीस वर्षं म्हणतेय," मिस्त्री म्हणाले, "त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही."

लेकीला हसू आणि रडू एकदमच आलं. मालक उठून खिडकीशी गेले. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "एक महिना घालवलात, काका," ते म्हणाले. मग मिस्त्रींना कळलं नसेल असं वाटून पुढ्यात येऊन पुन्हा म्हणाले. "एक महिना. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर हिचा कान लावला असता. हिला येतं की ऐकू!" आणि हे म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच काहीतरी सुचलं असावं, कारण ते लेकीकडे वळले. "येतं ना? सकाळी पलीकडच्या टोकाला असून पहिल्यांदा तूच धावलीस."

"आवाज येतो," लेक म्हणाली. "पण त्याचा अर्थ सगळाच कळतो असं नाही."

"एक आठवडा," मालक म्हणाले. "त्याच्यापुढे एक दिवस नाही."

सोमवारी सकाळी पिंपांऐवजी लेक लेथशी उभी राहिली. मिलिंग मशीन आठवडाभर बंद. मिस्त्री लेथच्या चाकावर आणि लेक त्यांच्या उजव्या हाताला. पहिले पंधरा नग साफ निघाले. सोळाव्याला लेकीने त्यांच्या दंडाला हात लावला. "चिरकतंय. बदला."

मिस्त्रींचा हात बटणाकडे गेला, आणि थांबला. "कसं चिरकतंय? सलग, की मध्ये मध्ये?"

"मध्ये मध्ये. एका फेरीला एकदाच, टिक टिक केल्यासारखं."

"मग टिप नाही ती. लोखंडात टणक जागा आहे, फिरून फिरून तीच समोर येतेय. चालू दे. पुढच्या नगाला जाईल."

गेलं. पुढच्या नगाला आवाज साफ झाला. लेकीने बापाकडे असं पाहिलं, की मिस्त्रींना क्षणभर थोरल्या मालकांचे पाहुणे आठवले. पण या वेळी त्यांनी गंमत केली नव्हती, आणि छातीत जे काही भरून आलं ते त्या वेळेपेक्षा कितीतरी मोठं होतं. कान गेला होता. पण त्या कानाने तीस-पस्तीस वर्षांत जे गोळा केलं होतं, ते सगळं जागच्या जागी होतं.

मग दोघांचं जमलं. ती आवाज सांगायची, ते अर्थ लावायचे. "दळल्यासारखा येतोय." "हवा कमी पडतेय, तोटी पुस." "जाड झालाय, पोट भरल्यासारखा." "सुरळी गुंडाळलीय, काढ." "आता बारीक, सलग, वर वर चाललाय." "किती नग झाले?" "चौतीस." "हा. ही टिप. बदल." त्या आठवड्यात मिस्त्रींना स्वतःचंच काम पुन्हा ऐकायला मिळालं, लेकीच्या तोंडून. तिच्या शब्दांनी तो आवाज त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा उभा राहायचा, आणि दोन वर्षांची मुकी घरघर बोलायला लागायची. बडबड्याने दोनदा विचारलं, बापलेक एवढं काय बोलताय. उत्तरही त्याने स्वतःच दिलं.

आकडा रोज फळ्यावर लिहायचा नाही, असं मालकांनी या वेळी ठरवलं होतं. शनिवारी एकदाच, साऱ्या आठवड्याची सरासरी. मधल्या दिवसांत एक गठ्ठा फार टणक निघाला आणि कोन तेविसाला गेले, ते दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी लेक जेवली नाही. हातांना मात्र सहा दिवस पाणी लागलं नव्हतं आणि भेगांच्या कडा मऊ पडायला लागल्या होत्या. मिस्त्री ते चोरून पाहायचे. पाहून त्यांचा जीव आणखीच टांगणीला लागायचा, कारण सोमवारी पुन्हा ते दुधाळ पाणी आलं, तर ही सुधारणा पाहिलेली जास्त जड जाणार होती.

शनिवारी दुपारी मिस्त्री लेथ पुसत होते, केबिनकडे पाठ करून. मागे दार उघडलं, मालक बाहेर आले, हातात कागद. ते दारातूनच बोलले. मिस्त्रींना यातलं काही कळलं नाही. त्यांना दिसली ती समोर उभी असलेली लेक. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले होते, आणि चेहऱ्यावरून कळेना, की हे रडणं कशाचं आहे.

ते वळले. मालक कागद हलवत आणखी काही बोलत होते, भराभर, बडबड्याकडे बघून. ड्रिलला खोल भोकं पाडायची असतात, तिथे धार लागणारच, ती राहील. पण बाकी दोन मशीनांवर पिंप येणार नाही, गाडी महिन्याला यायची ती तीन महिन्यांनी येईल. हे सगळं नंतर लेकीने सांगितलं तेव्हा मिस्त्रींना कळलं. त्या क्षणी त्यांना फक्त हलणारे ओठ दिसत होते, आणि सवयीने त्यांची मान डोलायला लागली होती. दोन वर्षं ती अशीच डोलत आली होती, काही न ऐकता, सगळ्याला होकार देत.

मिस्त्रींनी ती थांबवली.

"मालक," ते म्हणाले, साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा. मोठ्याने."

मालक बोलता बोलता थांबले. चार पावलं पुढे आले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडले, "एकतीस, काका! एकतीस!"

मिस्त्रींनी ते पहिल्याच खेपेला ऐकलं. तरी त्यांनी कानामागे हात धरला आणि मालकांना तो आकडा आणखी एकदा सांगायला लावला.